हॅलिफॅक्सचं पॉइंट प्लेझंट पार्क: गुडघे, तोफा आणि एक रविवार

सूरसागरकाठी | 2 सप्टेंबर, दुपारी 3:10

नमस्कार मंडळी. लेक तीन वर्षांपासून कॅनडात हॅलिफॅक्सला आहे. या महिन्याच्या शेवटी आम्ही दोघं पाच आठवड्यांसाठी जातोय. जावयांनी पहिल्याच रविवारचा बेत कळवलाय, पॉइंट प्लेझंट पार्क. शहराच्या दक्षिण टोकाला, तिन्ही बाजूंनी पाणी, आत जंगल, आणि जंगलात इंग्रजांच्या जुन्या तोफांची ठाणी.

यावरून आमच्या घरात दोन पक्ष पडलेत. आमचे हे लष्करातून निवृत्त. तोफा डागणारे नव्हेत, दुरुस्त करणारे. आयुष्यभर तेच केलं, शेवटची बदली इथे लष्कराच्या तंत्रशाळेला, ई.एम.ई. स्कूलला झाली आणि बडोद्याचेच झाले. त्यांनी आत्ताच नकाशा छापून त्यावर लाल पेन्सिलीने खुणा केल्यात. माझे गुडघे म्हणजे देवाची करणी. मला समुद्राकाठी बाकावर बसून थर्मासमधला चहा प्यायचाय, एवढंच.

विचारायचं हे, की एका दिवसात दोन्ही जमेल का? चढ किती? आणि खरं सांगा, तिथे म्हणे एकही लढाई झालेली नाही. मग पाहायचं काय, दगड? झाडंच बघायची तर कमाटी बाग घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.

---

सेवउसळ_जादा_तर्री | 2 सप्टेंबर, दुपारी 3:42

काकू, कमाटी बागेशेजारच्या विश्वामित्रीत मगरी आहेत. तिथे नाहीत. झाला ना निकाल?

---

अटलांटिक_अमोल | 2 सप्टेंबर, संध्याकाळी 6:05

मी नवापुऱ्याचा, हॅलिफॅक्समध्ये आठवं वर्ष. आठवड्यातून दोनदा तरी या पार्कात पळायला जातो, तेव्हा उत्तर माझ्याकडूनच यायला हवं.

पार्क साधारण 75 हेक्टरचं, म्हणजे 185 एकर. कमाटी बाग 113 एकर आहे, त्यावरून अंदाज करा. आतल्या सगळ्या वाटा मिळून 39 किलोमीटर भरतात. घाबरू नका, सगळ्या कोणी चालत नाही. मुख्य वाटा रुंद आहेत, बारीक खडी दाबून केलेल्या. समुद्राकडेची वाट जवळपास सपाट आहे. चढ लागतो तो मधल्या टेकडीकडे जाताना, आणि बुरूज नेमका तिथेच.

गाडी लावायला दोन जागा. एक टॉवर रोडच्या टोकाला, दुसरी खाली ब्लॅक रॉक बीचजवळ, कंटेनर बंदराला लागून. काकू, तुम्ही खालच्या बाजूने शिरा. गाडीतून उतरलात की समुद्र समोरच. काकांना वर पाठवा, दीड तासाने ते खाली येतील. दोन्ही पक्ष खूश.

बीच म्हणजे दीव-दमण डोळ्यांसमोर आणू नका. गोटे आणि थोडी वाळू. डावीकडे बंदराच्या अजस्र क्रेन, समोर मॅकनॅब्स बेट, आणि मधून कंटेनरची जहाजं इतकी जवळून जातात की वरच्या पेट्या मोजता येतात.

---

चिमणीताई | 2 सप्टेंबर, संध्याकाळी 7:20

मी मागच्या वर्षी भाच्याकडे गेले होते. मला नाही आवडलं. झाडं, झाडं, झाडं, आणि प्रत्येक वळणावर एक कुत्रा. तिथे बऱ्याच भागात कुत्री मोकळी सोडायला परवानगी आहे. एकाने माझा पंजाबी ड्रेस चाटून ओला केला आणि मालकीण म्हणते, त्याला तुम्ही आवडलात! मला तो आवडलाय का, हे कोणी विचारेना.

त्यापेक्षा शहरातला सिटाडेल किल्ला बघा. नीट राखलाय, गणवेशातले लोक असतात, दुपारी बाराला तोफ उडते. आणि फुलं बघायची तर पब्लिक गार्डन्स. पार्कात किल्ला म्हणून जे आहे ते म्हणजे गवत उगवलेले बांध.

---

निवृत्त_तोपची | 2 सप्टेंबर, रात्री 9:15

चिमणीताई, गवत उगवलेला बांध म्हणजेच किल्ला, हो! उंच भिंतींचे किल्ले तोफगोळ्यापुढे टिकेनात, म्हणून तर मातीचे जाड बांध आले. गोळा मातीत रुततो, दगडावर आपटला की कपच्या उडून आपलेच शिपाई मरतात.

सूरसागरकाठी वहिनी, तुमच्या यजमानांसाठी लिहितो, त्यांना कळेल. (मी स्वतः तोफखान्यात होतो. आमच्या बिघडवलेल्या तोफा त्यांच्यासारख्यांनीच नीट केल्या, तेव्हा नमस्कार सांगा.)

जागा बघा. हॅलिफॅक्सच्या बंदरात शिरायचं तर या टोकाला वळसा घालावाच लागतो. टोकाच्या पूर्वेला बंदराचं तोंड, पश्चिमेला नॉर्थवेस्ट आर्म नावाची लांब खाडी. पाण्यालगत पहिली ठाणी 1762 ची. मग 1793 ला फ्रान्सशी युद्ध जुंपलं आणि फोर्ट ओगिल्वी आलं. पण या सगळ्या तोफांची तोंडं समुद्राकडे आणि पाठ उघडी. शत्रूने खाडीत होड्या घालून मागून शिपाई उतरवले तर? गोलंदाज तोफ वळवेपर्यंत खेळ खलास.

म्हणून मागे टेकडीवर गोल बुरूज बांधला, प्रिन्स ऑफ वेल्स टॉवर, 1796 ते 1799. त्याचं काम समुद्राशी नाहीच. खालच्या तोफांची पाठराखण करायची, जमिनीकडून येणाऱ्याला अडवायचं. लोक तिथे जातात आणि म्हणतात, अरे इथून समुद्र तर दिसतच नाही, कसला हा किल्ला! त्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

भिंत सुमारे 8 फूट जाड, व्यास 72 फुटांच्या आसपास, उंची मात्र 26 फूटच. ठेंगणा आणि रुंद, पहिलवानासारखा.

---

गडवाटा | 2 सप्टेंबर, रात्री 9:48

26 फूट?? आमच्या पावागडच्या दरवाजाची कमान त्याहून उंच असेल. राजगड, तोरणा, जंजिरा पाहिलेल्या माणसाला हे लोक काय दाखवणार! एकही गोळी न झेललेला बुरूज म्हणजे लग्नातला बँडवाला. गणवेश कडक, लढाई शून्य.

---

निवृत्त_तोपची | 2 सप्टेंबर, रात्री 10:02

गडवाटा, तुमच्या बडोद्याच्या सोन्याच्या तोफांनी किती शत्रू लोळवले, ते सांगा आधी.

---

सेवउसळ_जादा_तर्री | 2 सप्टेंबर, रात्री 10:04

😂😂 मल्हारराव गायकवाडांच्या तोफांना हात लावायचा नाही! त्या डागायच्या नव्हत्या, मिरवायच्या होत्या. शत्रू डोळे दिपूनच आंधळा.

---

मोडीवाचक | 3 सप्टेंबर, सकाळी 8:30

तोपचीसाहेबांच्या माहितीला थोडी जोड.

असल्या बुरुजांना मार्टेलो टॉवर म्हणतात. कॉर्सिका बेटावर मोर्तेला नावाचं टोक आहे. तिथल्या एका जुन्या गोल बुरुजाने 1794 मध्ये इंग्रजांच्या दोन लढाऊ जहाजांना दाद दिली नाही. मोजक्या तोफा आणि मूठभर माणसं, तरी जहाजंच होरपळून मागे फिरली. शेवटी जमिनीवरून तोफा लावून तो घ्यावा लागला. इंग्रज इतके प्रभावित झाले की पुढे त्याच धर्तीचे बुरूज जागोजाग बांधले, फक्त नाव उच्चारताना मोर्तेलाचं मार्टेलो करून टाकलं. (वडोदराचं बरोडा करणारी मंडळी, आश्चर्य ते काय.) हॅलिफॅक्सचा हा बुरूज उत्तर अमेरिकेतला त्या जातीचा पहिला.

बांधवला प्रिन्स एडवर्डने. राजा तिसऱ्या जॉर्जचा मुलगा, तेव्हा हॅलिफॅक्सला सेनापती होता. बुरुजाला नाव दिलं थोरल्या भावाचं. हाच एडवर्ड पुढे व्हिक्टोरिया राणीचा बाप.

आणि एक गंमत. हॅलिफॅक्स वसवलं 1749 मध्ये एडवर्ड कॉर्नवॉलिसने. वसाहतीसाठी आधी पॉइंट प्लेझंटचाच विचार होता, पण वारा आणि खडकाळ उथळ पाणी पाहून आत सरकले. हा कॉर्नवॉलिस म्हणजे आपल्याकडच्या लॉर्ड कॉर्नवॉलिसचा सख्खा काका. पुतण्या अमेरिकेत यॉर्कटाउनला शरण गेला, मग इकडे येऊन गव्हर्नर जनरल झाला, टिपूशी लढला, आणि शेवटी गाझीपूरला वारला. काकाचा पुतळा हॅलिफॅक्समध्ये होता. तिथल्या मूळच्या मिगमॉ लोकांच्या डोक्याच्या कातडीवर त्याने इनाम लावलं होतं, त्यावरून बरीच वर्षं वाद होऊन 2018 मध्ये पुतळा उतरवला.

---

ग्वाल्हेरची_सून | 3 सप्टेंबर, सकाळी 9:55

मोडीवाचक दादा, काका-पुतण्या म्हटलं की मराठी माणसाचे कान टवकारतातच. 🙂

माझं माहेर ग्वाल्हेर, तिथे 1857 म्हणजे घरातल्या गोष्टी. तर त्या बाजूचा एक माणूस मलाही ठाऊक आहे. विल्यम हॉल, नोव्हा स्कोशियाचा, म्हणजे हॅलिफॅक्सच्याच प्रांतातला, कृष्णवर्णीय खलाशी. लखनौला इंग्रजांनी जहाजावरच्या तोफा ओढत आणल्या, त्या तुकडीत तो होता. तिथल्या शाहनजफ इमामबाड्याच्या भिंतीसमोर तोफेवरचे बाकीचे पडले तरी हा भरत राहिला, त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस. शाळेत असताना मला त्याचा राग यायचा, तो आपल्या लोकांवरच तर डागत होता! आता वाटतं, त्याच्या आईबापांची पार्श्वभूमी गुलामगिरीची, त्याला तरी तोफेच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते कोणी विचारलं असेल?

असो, विषयांतर. ताई, तुम्ही गुडघ्यांना पट्टे लावून जा.

---

सूरसागरकाठी | 3 सप्टेंबर, सकाळी 11:20

अगंबाई, एवढी उत्तरं! यांना सगळं वाचून दाखवलं. “पाठराखण” वाचल्यावर उठून कपाट उघडलं आणि दुर्बीण काढली. आता सामानाच्या वजनात दुर्बीण आली म्हणजे माझे भाजणीचे डबे गेले.

अमोल, बाळा, तुझी युक्ती छान आहे. पण यांना एकटं सोडलं तर दीड तासाने खाली येतील यावर माझा बेचाळीस वर्षांच्या अनुभवामुळे विश्वास नाही. आणि त्या कुत्र्यांचं काय करायचं?

---

डॉक्टरीण_वाडीची | 3 सप्टेंबर, दुपारी 1:15

कुत्री राहू द्या, गोचिडांकडे लक्ष द्या. गंमत नाही. नोव्हा स्कोशियात काळ्या पायांच्या गोचिडी पुष्कळ आहेत आणि त्यांच्यातून लाइम नावाचा आजार होतो. थंडी सुरू झाली म्हणून त्या जात नाहीत, ऑक्टोबरातही असतात. वाटेवरूनच चाला, उंच गवतात आणि झुडपांत शिरू नका. पूर्ण पायघोळ कपडे, मोजे पँटवरून ओढलेले, कसं दिसतं याची लाज नको. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघायचं. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल, तूप, काडेपेटी, आजीचे उपाय काहीही नाही. नंतर गोल लाल चट्टा उठला किंवा ताप आला तर लगेच डॉक्टर.

आणि प्रवासाचा आरोग्य विमा काढला का? तो आधी काढा, दुर्बीण नंतर.

---

चिमणीताई | 3 सप्टेंबर, दुपारी 1:40

बघा! कुत्री आणि गोचिडी. मी उगाच सांगत नव्हते.

---

अटलांटिक_अमोल | 3 सप्टेंबर, संध्याकाळी 5:30

डॉक्टरीणबाईंचं सगळं खरं. खडीच्या मधल्या वाटेवर राहिलात तर मात्र चिंता नको, मला आठ वर्षांत एकदाच चिकटली, तीही मी चेंडू शोधायला झुडपात शिरलो म्हणून.

चिमणीताई, “झाडं, झाडं, झाडं” म्हणालात म्हणून सांगतो. ही झाडं गेलीच होती एकदा. मी तेव्हा इथे नव्हतो, पण ऑफिसातले जुने लोक अजून त्या रात्रीबद्दल बोलतात. 29 सप्टेंबर 2003, मध्यरात्र उलटून गेल्यावर ह्वान नावाचं चक्रीवादळ थेट हॅलिफॅक्सवर आलं. सकाळी लोक पार्काकडे गेले तर पार्क नाही. सत्तर-पंचाहत्तर हजार झाडं आडवी, दर चारांतली तीन. दक्षिणेकडून वारा आला आणि हे टोक त्याच्या तोंडातच. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची मुळं खडकावरच्या पातळ मातीत पसरट असतात, खोल जात नाहीत. एक पडलं की शेजारचं उघडं पडतं, मग तेही जातं. पुढच्या जूनपर्यंत पार्क बंद होतं.

त्याआधी तीन-चार वर्षं वेगळंच रामायण. युरोपातला एक किडा स्प्रूसच्या खोडात सापडला, शेजारच्या बंदरात मालाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा असं मानतात. सरकार म्हणालं झाडं तोडा, लोक म्हणाले हात लावू नका, प्रकरण कोर्टात गेलं. आणि मग वादळाने दोन्ही पक्षांची बहुतेक झाडं एका रात्रीत नेली.

आज जे दिसतं ते बरंचसं त्यानंतर उगवलेलं आहे. सरळसोट, एकमेकांना खेटून, शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारखं. मधेच एखादा जुना पाइन. मला पळताना हे बघायला आवडतं, कोण कुठे किती वाढलं ते.

---

गडवाटा | 3 सप्टेंबर, संध्याकाळी 6:12

हे मात्र लागलं. ताउते वादळ आलं तेव्हा आमच्या सोसायटीतली दोन निलमोहर पडली, तर महिनाभर अंगण भकास वाटत होतं. पंचाहत्तर हजार म्हणजे काय...

बँडवाल्याचं विधान मागे घेतो. अर्धं.

---

निवृत्त_तोपची | 3 सप्टेंबर, संध्याकाळी 7:01

झाडांवरून आठवलं. तोफेसमोर कोणताही शहाणा माणूस झाड ठेवत नाही. मारा करायचा तो पट्टा मोकळाच हवा. म्हणजे आज जिथे दाट सावली आहे तिथे तोफांच्या काळात बोडकं रान असणार. जंगलात किल्ला नव्हे, किल्ला रिटायर झाल्यावर जंगल.

रिटायरही एकदम नाही झाला. 1860 नंतर लोखंडी पत्र्याची जहाजं आली, मग जुन्या तोफा काढून मोठ्या, आटे पाडलेल्या नळ्यांच्या बसवल्या. केंब्रिज बॅटरी हे तोफांचं ठाणं त्याच काळातलं. फोर्ट ओगिल्वीचीही नवी बांधणी झाली. बुरुजाची तोपर्यंत गरज संपली होती, तर त्यात दारूगोळा भरून ठेवला. निवृत्त माणसाला घरचे बँकेची कामं लावतात, तसं.

---

मोडीवाचक | 4 सप्टेंबर, सकाळी 8:10

आणि हा सगळा लष्करी मुलूख असतानाच 1866 मध्ये लोकांसाठी पार्क झाला! इंग्रज सरकारने जागा भाड्याने दिली, 999 वर्षांच्या पट्ट्याने. भाडं वर्षाला एक शिलिंग. पट्टा संपणार 2865 मध्ये. दरवर्षी समारंभ करून ते नाणं देतात म्हणे. फाटकापाशी गेलात तर यंग अॅव्हेन्यूच्या बाजूचे मोठे लोखंडी दरवाजे बघा. पार्कासाठी खटपट करणाऱ्या विल्यम यंग या न्यायाधीशाची ती देणगी.

---

सूरसागरकाठी | 4 सप्टेंबर, सकाळी 10:45

999 वर्षं, एक शिलिंग!! मोडीवाचक, हे कृपा करून मोठ्याने बोलू नका. आमच्या दांडिया बाजारच्या वाड्यात माडीवर एक बिऱ्हाड आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. भाडं सांगितलं तर तुम्ही हसाल. त्यांच्या कानावर हा कॅनडाचा कायदा गेला तर माझ्या पतवंडांच्या पतवंडांनाही खोल्या मिळायच्या नाहीत.

---

सेवउसळ_जादा_तर्री | 4 सप्टेंबर, सकाळी 10:51

काकू, निदान वर्षाला एक नाणं वाजतगाजत आणून द्यायला सांगा. रावपुऱ्यातून बँड लावू.

---

दर्यावर्दी_बिलिमोरा | 4 सप्टेंबर, रात्री 8:20

धागा उशिरा पाहिला. मी नौदलात होतो. तोपचीसाहेब जमिनीचं बोलले, पाण्याचं कोणीच बोललं नाही.

खाडीच्या बाजूला चेन रॉक नावाची जागा आहे. शत्रूची जहाजं शिरू नयेत म्हणून तिथून पलीकडे लोखंडी साखळी आणि ओंडके ताणत. नाव त्यावरूनच. दुसऱ्या महायुद्धात बंदराच्या तोंडावर पाणबुड्यांसाठी पोलादी जाळी होती, तेच काम, फक्त दीडशे वर्षांनी. अटलांटिक ओलांडणारे जहाजांचे तांडे हॅलिफॅक्सहून निघत, पहिला 16 सप्टेंबर 1939 ला. सगळी जहाजं या टोकासमोरूनच बाहेर पडली असतील.

पार्कात समुद्राकडे तोंड केलेला एक उंच ग्रॅनाइटचा क्रूस आहे, खलाशांचं स्मारक. ज्यांची कबर समुद्रच आहे अशा तीन हजारांवर कॅनेडियन स्त्री-पुरुषांची नावं त्यावर आहेत. वहिनी, बाकावर बसायचंच असेल तर तिथे आसपास बसा. चढ नाही.

आणि जवळच एक नांगर आहे. “बोनाव्हेंचर” या विमानवाहू जहाजाचा. साहेबांना सांगा, हे आपल्या जुन्या “विक्रांत”च्याच वर्गातलं जहाज, दोन्ही मॅजेस्टिक वर्गाची, एकाच काळात बांधायला घेतलेली, बोनाव्हेंचर बेलफास्टला आणि विक्रांत इंग्लंडात. बोनाव्हेंचर 1970 ला निवृत्त झालं आणि भंगारात गेलं. विक्रांतने पुढच्याच वर्षी, 1971 ला, चितगावकडे काय केलं ते सांगायला नको. पुढे तीही भंगारातच गेली, 2014 ला. मी विक्रांतवर होतो. तो नांगर मी पाहिलेला नाही. तुम्ही पाहिलात तर एक फोटो टाका.

---

सूरसागरकाठी | 4 सप्टेंबर, रात्री 9:30

भावोजी, नक्की टाकते. यांनी नकाशावर लाल खूण केलीसुद्धा.

---

अटलांटिक_अमोल | 5 सप्टेंबर, पहाटे 4:50

धुकं! धुक्याचं सांगायचं राहिलं. इथे कधीही येतं. दहा मिनिटांत समोरचं बेट गायब. आतल्या वाटा सगळ्या सारख्या दिसतात, फोन चार्ज करून न्या. आणि गरम कपडे, ऑक्टोबरात दुपारी पंधरा अंश म्हणजे बरा दिवस, पण टोकावर वारा चावतो.

आणखी एक. ऑक्टोबरात सगळे लाल-पिवळ्या पानांच्या आशेने येतात. हे जंगल मुख्यतः सदाहरित, हिरवंच दिसेल. रंगांसाठी गाडीने जरा आत जावं लागतं.

---

चिमणीताई | 5 सप्टेंबर, सकाळी 9:05

धुक्यात कुत्री दिसतात का, हे पण सांग.

---

सूरसागरकाठी | 9 ऑक्टोबर, पहाटे 5:15

मंडळी, हॅलिफॅक्सहून लिहितेय. साडेआठ तासांचा फरक, तुमची पहाट ती आमची कालची रात्र. जाऊन आलो एकदाचे. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही एवढे कष्ट घेतलेत.

खालच्या बाजूने शिरलो. लेक, जावई, नातू, आम्ही दोघं, आणि थेपले. ऊन होतं. क्रेन बघून नातू तिथून हलेना. मला ती जागा आवडली, खरं सांगते. मुंबईचा समुद्र बडबड्या, हा अबोल आहे. पाणी काळपट निळं आणि इतकं गार की बोट बुडवून लगेच काढलं.

ठरल्याप्रमाणे हे वर जाणार आणि मी बसणार. पण यांनी वाटेला लागताना मागे वळून असं बघितलं की मीच उठले. काठी होती, पट्टे होते. दर पाच मिनिटांनी थांबले. चढ तसा फार नाही, पाय उचलण्यापेक्षा धीर उचलावा लागतो.

बुरूज. दाराला कुलूप, आत जाता आलं नाही. हे जरा हिरमुसले, मग त्यांनी भिंतीला हात लावून लावून पूर्ण फेरी मारली. दगड करडे, मधूनच गंजासारखे तांबूस. एके ठिकाणी उभं राहून म्हणाले, “शत्रू इथून आला असता.” मी म्हटलं, कशावरून? म्हणाले, “मी आलो असतो.” तोपचीसाहेब, तुमचा नमस्कार पोचवला. त्यांनी विचारलंय, कोणत्या रेजिमेंटला होतात आणि तोफ कशी बिघडवली होतीत.

तिथून खाली उतरताना धुकं आलं. अमोल म्हणाला तस्संच, दहा मिनिटांत. जावई आणि नातू पुढे गेलेले, लेक त्यांच्या मागे, आणि आम्ही दोघं एका तिठ्यावर. यांच्या हातात लाल खुणांचा नकाशा, पण दिसेल तर ना! माझा फोन लेकीच्या पिशवीत. यांचा फोन घरी, कारण खिशात दुर्बीण.

आणि मग धुक्यातून एक कुत्रा आला. (चिमणीताई, दिसतात.) मोठा, काळा, ओलाचिंब. मी यांच्या मागे. त्याच्यामागून एक म्हातारे गृहस्थ, ऐंशीच्या पुढचे असतील. आम्ही हरवलोय हे न सांगताच त्यांना कळलं. चला म्हणाले. चालता चालता यांनी विचारलं, तुम्ही इथलेच? तर म्हणाले, रोज येतो, गेली चाळीस वर्षं. मग हातातल्या काठीने वाटेकडेची झाडं दाखवत गेले, हे वादळाच्या आधीचं, हे नंतरचं, हे नंतरचं, हेही नंतरचं. आधीचं आलं की थांबायचे. कुत्राही थांबायचा. त्याला ती झाडं पाठ होती.

त्यांनी आम्हाला पाण्यापर्यंत आणून सोडलं आणि गेले. नाव विचारायचं राहून गेलं. थेपला तरी द्यायला हवा होता.

नांगर सापडला. भावोजी, फोटो लेकीने काढलाय, सोबत जोडते. मागे सगळं पांढरं आहे, समुद्र दिसत नाही, त्याला इलाज नाही. यांनी नांगराला सॅल्यूट केला. मी विचारलं, तुम्ही तर भूदलातले. म्हणाले, “त्यांच्या वतीने.” म्हणजे तुमच्या.

---

दर्यावर्दी_बिलिमोरा | 9 ऑक्टोबर, सकाळी 7:40

पाहिला फोटो. मोठा करून पाहिला. साहेबांना माझा सॅल्यूट परत पोचवा.

---

डॉक्टरीण_वाडीची | 9 ऑक्टोबर, सकाळी 8:55

गोचीड तपासली का??

---

सूरसागरकाठी | 9 ऑक्टोबर, संध्याकाळी 6:30

तपासली. यांच्या मोज्यावर एक होती, चिकटलेली नव्हती. हे म्हणतात शत्रूची टेहळणी. कातडीवर काही नाही.

---

गडवाटा | 9 ऑक्टोबर, संध्याकाळी 7:10

काकू, बँडवाल्याचं उरलेलं अर्धंही मागे.

माझा भाऊ डिसेंबरात आईला तिकडे नेणार म्हणतोय. नेऊ दे का?

---

अटलांटिक_अमोल | 9 ऑक्टोबर, रात्री 8:45

डिसेंबरात वाटांवर बर्फ दाबून काचेसारखा होतो. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते नसतील तर आईंना अजिबात चालवू नका. जूनमध्ये आणा. उन्हाळ्यात संध्याकाळी पार्कात शेक्सपिअरची नाटकंही होतात, उघड्यावर, जुन्या तोफांच्या ठाण्यात.

---

माडीवरचा | 10 ऑक्टोबर, सकाळी 9:00

नवीन सभासद आहे. धागा आवडला, विशेषतः 4 सप्टेंबरचा सकाळचा भाग.

काकू, खालच्या दाराला कुलूप नीट आहे, तुळशीला रोज पाणी घालतोय. शिलिंग कुठे मिळतं तेवढं येताना विचारून या.

---

सूरसागरकाठी | 10 ऑक्टोबर, सकाळी 9:22

अरे देवा.